शाळेचे संगणक कक्ष उन्हाळ्यातही उघडे ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर संगणक वर्गांचे फलक झळकू लागतात आणि ऐपत नसलेले पालकही उसनवारी करून मुलांचे शुल्क भरतात. प्रमाणपत्राला माझा विरोध नाही, कारण नोकरीच्या अर्जात ते अनेकदा मागितले जाते. मात्र वेब प्रोग्रामिंग शिकायला ते लागत नाही, आणि सदासर्वकाळ इंटरनेटही लागत नाही, हे या पालकांना कोणी सांगत नाही. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपाने घडवण्याच्या भाषा लिहिण्यासाठी नोटपॅड आणि लिहिलेले चालवून पाहण्यासाठी ब्राउझर एवढी सामग्री पुरते, आणि ती शाळेतल्या जुन्या संगणकावरही असते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत घडवलेले वेबचे तंत्र त्या संस्थेने १९९३ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, त्यामुळे परवान्याचा प्रश्नही उरत नाही.

खरा प्रश्न आहे तो मुलाने काय करून पाहावे, हा. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याने घरचीच अडचण हाती घेतली. सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की त्याची आई रोज संध्याकाळी प्रत्येक बाईचा कापूस मोजून वहीत किलो लिहिते आणि बाजाराच्या दिवशी मजुरी चुकवते. तो हिशेब आपोआप व्हावा म्हणून त्याने एक वेबपान तयार केले. पहिल्याच दिवशी १२ आणि ८ किलोंची बेरीज २० न येता १२८ आली. चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टला अंक म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून मिळतो आणि मजकुराची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणी, हे त्याला तेव्हा उमगले. पुढे आईने मराठी अंक भरले तेव्हा उत्तराच्या जागी ‘हा अंक नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी अक्षरगट उमटले, कारण ही भाषा मजकुराचा अंक करताना देवनागरी अंक ओळखत नाही. मग ते इंग्रजी अंकांत बदलून घेणारी ओळ त्याने स्वतः लिहिली. वीज गेली की भरलेले आकडे पुसले जात, म्हणून नोंदी ब्राउझरच्याच साठ्यात ठेवायला तो शिकला, आणि धाकट्या भावाने ब्राउझरची साफसफाई केल्यावर तो साठाही टिकाऊ नसतो हेही त्याला कळले. माहितीच्या सुरक्षित साठवणुकीचा विचार करायला याहून चांगले निमित्त कोणत्या अभ्यासक्रमात सापडेल, मला ठाऊक नाही.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की तयार प्रोग्राम मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला, असे काही सहकारी विचारतात. तयार मिळालेल्या प्रोग्रामने १२८ किलो दाखवले तर बाईची मजुरी सहापटीहून अधिक होईल. ते ओळखण्यासाठी बेरीज कशी घडते हे कोणाला तरी माहीत असावेच लागते.

मोबाईल घरोघरी असला तरी त्यावर कंस आणि अवतरणचिन्हे टंकत शंभर ओळींचा प्रोग्राम लिहिणे म्हणजे शिक्षाच. कळफलक असलेला संगणक बहुतेक मुलांना शाळेतच मिळतो, आणि तो कक्ष नेमका मुलांना सवड असते तेव्हा कुलूपबंद असतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे आपल्या मुलांची सुट्टीही लांबते. या काळात सकाळी सात ते दहा, ऊन चढण्याआधी, आठवड्यातून तीन दिवस जरी कक्ष उघडला तरी पुष्कळ होईल. तेथे स्वतंत्र प्रशिक्षक नसला तरी चालेल. मोठी मुले लहानांना सांगतात, आणि अडलेल्या गोष्टीचे उत्तर शोधण्यापुरते एखाद्या शिक्षकाच्या मोबाईलचे इंटरनेट पुरते.

अडचण आहे ती जबाबदारीची. सुट्टीत एखादा संगणक बिघडला किंवा चोरीला गेला तर जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो, त्यामुळे किल्ली कपाटातच राहते, आणि याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने सुट्टीतील वापराला लेखी परवानगी द्यावी, किल्लीची नोंद शाळा व्यवस्थापन समितीकडे ठेवावी आणि दुरुस्तीसाठी थोडी तरतूद करावी. हे परिपत्रक एप्रिलपूर्वी निघाले तरच येत्या सुट्टीत त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक शिक्षक,
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ