एक बदल सापडला, दुसरा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुर्मीळ आजारांवरच्या बातम्यांत ‘जनुकीय चाचणीत दोष सापडला आणि निदान पक्के झाले’ हे वाक्य हमखास असते. जन्मजात ग्लायकोसायलेशन विकारांबाबत, म्हणजे डॉक्टर ज्यांना सीडीजी म्हणतात त्यांच्याबाबत, हे वाक्य अनेकदा घाईचे ठरते. असा अहवाल हाती आलेल्या घरांत बातमीतले हे वाक्यच प्रमाण मानले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत.

पेशी आपल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवते. या कामातले एखादे एन्झाइम कमी पडले की मेंदू, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया असे सगळीकडे परिणाम दिसू लागतात. बेल्जियमचे बालरोगतज्ज्ञ याक याकेन यांनी १९८० मध्ये जुळ्या बहिणींमधला असा पहिला विकार नोंदवला. आज अशा विकारांशी जोडलेली जनुके दीडशेच्या वर आहेत. सर्वाधिक रुग्ण पीएमएम२ या जनुकाचे आढळतात, म्हणून उदाहरण त्याचेच घेऊ.

पीएमएम२ चा आजार व्हायला आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. समजा, अहवालात दोन बदल आहेत. एक प्रसिद्ध आहे: जनुकाच्या मजकुरात ४२२ व्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘ए’, त्यामुळे प्रथिनात १४१ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल. दुसरा बदल पूर्वी कोणत्याही रुग्णात नोंदवलेला नाही, त्यातही एकच अमिनो आम्ल बदलले आहे. आता पहिला प्रश्न असा की हे दोन बदल जोडीतल्या दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, म्हणजे दोन वेगळ्या प्रतींवर आहेत का? नेहमीच्या चाचणीत डीएनए साधारण दीडशे अक्षरांच्या तुकड्यांत वाचला जातो. दोन बदल दूरदूर असतील तर ते एकाच प्रतीवर आहेत की दोन प्रतींवर, हे त्या तुकड्यांतून कळत नाही. दोन्ही बदल आईकडूनच आले असतील तर वडिलांची प्रत शाबूत आहे आणि मूल फक्त वाहक ठरते. आईवडिलांचे नमुने तपासले की ही शंका फिटते. तरीही अनेक अहवाल मुलाच्या एकट्याच्या नमुन्यावर दिले जातात.

गुणांचा हिशोब मांडला की या नमुन्यांचे वजन दिसते. अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थांनी २०१५ मध्ये बदलांचे पाच वर्ग ठरवले: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. पुढे त्याला गुणपद्धती जोडली गेली. साधा आधार १ गुण, मध्यम २, भक्कम ४, अतिभक्कम ८. बेरीज ६ झाली तर बदल ‘बहुधा रोगकारक’, १० झाली तर ‘रोगकारक’. आपला नवा बदल सर्वसामान्य लोकांच्या डीएनए-नोंदींत सापडत नाही, त्याचा १ गुण. संगणकीय भाकिते बदल घातक असल्याचे सांगतात, त्याचा आणखी १. ओळखीच्या रोगकारक बदलासोबत आढळला पण कोणत्या प्रतीवर आहे हे माहीत नाही, त्याचा १. एकूण ३, म्हणजे अनिश्चित. आईवडिलांचे नमुने तपासून दोन बदल वेगळ्या प्रतींवर असल्याचे सिद्ध झाले की तिसऱ्या बाबीचे २ होतात. बेरीज ४, अजून अनिश्चितच. ट्रान्सफेरिन या रक्तातल्या प्रथिनावरच्या साखळ्या तपासणारी चाचणी विकाराशी जुळली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींत पीएमएम२ एन्झाइमची क्रिया कमी भरली, तर त्या पुराव्याला मध्यम वजन देता येते. तेव्हा कुठे बेरीज ६ होते.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पाच सॉफ्टवेअरांनी एकच भाकीत केले म्हणून कोणी त्याचे पाच पुरावे मानतो. ही साधने बरीचशी त्याच माहितीवर शिकलेली असतात, त्यामुळे सगळ्यांचे मिळून एकच मत धरायचे. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. रुग्णाच्या पेशीतली एन्झाइमची क्रिया म्हणजे दोन्ही प्रतींचा एकत्रित परिणाम. ती कमी आली म्हणजे नवा बदलच दोषी, असे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या बदलाचे प्रथिन वेगळे तयार करून त्याची क्रिया मोजावी लागते. शिवाय त्वचेच्या पेशींवर मोजणी केली तर काही रुग्णांचे आकडे वाहकांच्या आकड्यांत मिसळतात. पांढऱ्या पेशींवरची मोजणी त्या मानाने विश्वासार्ह.

आता त्या प्रसिद्ध बदलाकडे. उत्तर युरोपात साधारण सत्तरांत एक निरोगी माणूस त्याचा वाहक असतो. म्हणून विकास मंदावलेल्या मुलात हा एकच बदल सापडला तर तो योगायोगही असू शकतो. उलट, ‘इतका सर्रास आढळतो म्हणजे निरुपद्रवी असणार’ असे म्हणून त्याला चाळणीत गाळणेही तितकेच चूक, कारण प्रच्छन्न, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या, आजारात वाहक बरेच असू शकतात. या बदलाची आणखी एक खूण आहे. दोन्ही प्रतींवर तोच असलेला जिवंत रुग्ण आढळलेला नाही, कारण त्यात एन्झाइम जवळपास काहीच काम करत नाही. तेव्हा एखाद्या अहवालात तो ‘दोन्ही प्रतींवर’ लिहिलेला दिसला तर आधी प्रयोगशाळेतल्या प्रक्रियेवर शंका घ्यावी. प्रायमर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायला वापरला जाणारा छोटा तुकडा, जिथे चिकटतो तिथेच दुसऱ्या प्रतीत एखादा बदल असला तर ती प्रत वाढवलीच जात नाही आणि उरलेली एकच प्रत दोन असल्यासारखी दिसते. वेगळे प्रायमर घेऊन चाचणी पुन्हा करायची आणि आईवडील दोघांत तो बदल आहे का ते पाहायचे.

ट्रान्सफेरिनबद्दलही गैरसमज बरेच आहेत. या प्रथिनावर साधारणपणे दोन साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकांना मिळून सियालिक आम्लाचे चार रेणू. साखळीच गायब झाली तर दोन किंवा शून्य रेणूंची रूपे वाढतात, तो पहिला प्रकार. साखळी चढली पण अर्धवट राहिली तर तीन आणि एक रेणूंची रूपेही वाढतात, तो दुसरा. मात्र उपचार न झालेला गॅलॅक्टोसेमिया, फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार आणि अति मद्यपान यांतही पहिल्या प्रकारासारखे चित्र येते. कधी ट्रान्सफेरिनच्या स्वतःच्या रचनेतला निरुपद्रवी फरक चाचणीतली पट्टी सरकवतो. न्युरामिनिडेज या एन्झाइमने सियालिक आम्ल काढून चाचणी पुन्हा केली की तो फरक उघड होतो. उलट दिशेनेही फसगत होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि पीएमएम२ च्या काही प्रौढ रुग्णांत चित्र सामान्य दिसू शकते. एएलजी१३ या दुसऱ्या जनुकाच्या बहुतेक रुग्णांत ते सामान्यच असते. एसएलसी३५ए२ या जनुकाच्या विकारात ते वयानुसार सुधारते. ही दोन जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत आणि आजार बहुधा आईवडिलांत नसलेल्या नव्या बदलातून होतो. तिथे ‘दुसरी प्रत’ शोधत बसण्यात अर्थ नाही. बदल खरोखर नवा आहे का आणि तोच बदल असंबंधित रुग्णांत पुन्हा दिसला आहे का, हे पाहायचे.

ट्रान्सफेरिन पहिल्या प्रकारचे, लक्षणे जुळणारी, पण पीएमएम२ मध्ये बदल एकच, असे झाले तर ‘निदान नाही’ लिहून फाइल बंद करू नये. एक्सोम चाचणी मुख्यतः प्रथिनाचा मजकूर असलेले भाग, म्हणजे एक्सॉन, वाचते. एखादा अख्खा एक्सॉन गळालेला असणे किंवा इंट्रॉनच्या, म्हणजे दोन एक्सॉनमधल्या पट्ट्याच्या, खोल भागातल्या बदलाने खोटा एक्सॉन तयार होणे तिच्या नजरेतून सुटू शकते. जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागातला एक बदलही (१६७ अक्षरे आधी ‘जी’ऐवजी ‘टी’) असाच निसटतो. तो शेवटचा बदल दोन्ही प्रतींवर किंवा दुसऱ्या प्रतीवरच्या दोषासोबत असला तर मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात आणि इन्सुलिन वाढून रक्तातली साखर घसरते. त्यात ट्रान्सफेरिन मात्र सामान्य राहते, म्हणून तो या लक्षणांवरून शोधायचा. असे सुटलेले बदल शोधायला एक्सॉनगणना (एक्सॉनच्या प्रती मोजणे), संपूर्ण जीनोम किंवा त्वचेच्या पेशींतल्या आरएनएची तपासणी उपयोगी पडते.

एवढा काथ्याकूट करण्याचे कारण उपचारात आहे. एमपीआय आणि पीएमएम२ ही एन्झाइमे मॅनोज साखर वापरण्याच्या एकाच वाटेवर शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही विकारांत ट्रान्सफेरिनचे चित्र पहिल्या प्रकारचेच येते. एमपीआयमध्ये तोंडाने दिलेल्या मॅनोज साखरेने आतड्याची लक्षणे सुधारतात, पीएमएम२ मध्ये त्या साखरेचा उपयोग होत नाही. पुढच्या गरोदरपणात तर सगळी भिस्त डीएनएवरच असते, कारण गर्भाचे ट्रान्सफेरिन सामान्य येऊ शकते. म्हणून गर्भाबाबतचा निर्णय ‘अनिश्चित’ वर्गातल्या बदलावर घेऊ नये. ‘अनिश्चित’ म्हणजे ‘सौम्य आजार’ असाही अर्थ अनेकजण काढतात. त्याचा अर्थ फक्त इतकाच की पुरावा अपुरा आहे.

बातमी देताना बदलाचा वर्ग, आईवडिलांची तपासणी झाली की नाही आणि ट्रान्सफेरिनचा निकाल या तीन गोष्टी नमूद कराव्यात, अशी विनंती आहे. ज्यांच्या हाती असा अहवाल आहे त्यांनी त्याच्या मूळ डेटाची फाइल मागून ठेवावी आणि साधारण दोन वर्षांनी फेरविश्लेषण करून घ्यावे. मधल्या काळात तोच बदल आणखी एखाद्या रुग्णात नोंदवला गेला असेल तर वर्ग बदलू शकतो, आणि ते कळण्यासाठी पुन्हा रक्त द्यावे लागत नाही.

आपले,
जनुकीय अहवालांच्या अर्थनिर्णयाचे काम करणारे काही वाचक