आईकडे रोखलेले बोट

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चि. अर्णवला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाल्यापासून ‘आई नोकरी करते, म्हणूनच पोर असे झाले’ हे वहिनींना घरच्यांकडूनच ऐकावे लागते, हे वाचून फार वाईट वाटले. हा आरोप जुना आहे आणि तो केव्हाच खोटा ठरला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा ही अवस्था जन्मजात असावी असेच त्यांनी म्हटले होते. पुढे मात्र त्यांनीच आईबापांच्या कोरडेपणावर बोट ठेवले आणि १९६० च्या दशकात ब्रूनो बेटलहाइम या मनोविश्लेषणवादी लेखकांनी तो ठपका इतक्या ठामपणे मांडला की कितीतरी आयांना मुलाच्या काळजीबरोबर अपराधीपणही सोसावे लागले. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः अशाच मुलाचे वडील होते, १९६४ मध्ये हे मत साधार खोडून काढले; १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले आणि १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट झाला.

त्या अकरांतला पहिला मुलगा मिसिसिपीचा डोनाल्ड ट्रिपलेट. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तिसऱ्या वर्षी त्याला संस्थेत ठेवले होते; आईवडिलांनीच त्याला परत घरी आणले. पुढे तो एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापाचा ध्यास होता, म्हणून त्यांनी त्याच्याकडून विहीर खणवून घेतली आणि खोली किती झाली ते सांगायला लावले. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजी, तर नांगरता नांगरता मोज, म्हणाले. या अडाण्या समजल्या जाणाऱ्या माणसांची समज मला मोठमोठ्या तज्ज्ञांपेक्षा मोलाची वाटते. डोनाल्ड पदवीधर झाले, गावच्या बँकेत नोकरी करू लागले आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारले. प्रत्येक मुलाची वाट अशीच असेल असे नाही, आणि तशी खोटी आशा मी तुला देणार नाही.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्यात ती दिव्यांगत्वाच्या यादीत आली. तेव्हा प्रमाणपत्राचे काम लांबणीवर टाकू नकोस. दिवाळीत येईन, तेव्हा तुझ्या काकूंशी मी स्वतः बोलेन. तोवर हे पत्र वहिनींना वाचायला दे.

तुझा,
माधव