आजीचं लुगडं

कराड

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकदम गप्प झालीस. "आई, आजीचं लुगडं कापलंस? आणि तेही ओळखदेख नसलेल्या बाईसाठी?" एवढंच बोललीस. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या शिवणाच्या बायकांनी या वर्षी दुसऱ्या गावच्या गटाशी भेटींची अदलाबदल ठरवली. हाताने केलेली वस्तू द्यायची, विकत काही आणलंच तर पाचशे रुपयांच्या आत, आणि दोन महिन्यांत पार्सल पोचायला हवं. माझ्या वाट्याला आलेल्या चिठ्ठीत तीनच गोष्टी होत्या. राहणार वर्धा. निळा रंग आवडतो. लोकरीने अंग खाजतं.

ती शेवटची ओळ वाचून मी थांबलेच. तिकडची थंडी कशी असते ते तुला ठाऊक आहे, आणि या बाईला स्वेटर चालत नाही, शाल चालत नाही. मग मांडीवर घ्यायला सुती गोधडीच हवी. दुकानात जाऊन निळं सुती कापड बघितलं. खळ लावलेलं, कडक. गोधडीला नवं कापड चालत नाही गं. शंभर धुण्यांनी मऊ झालेलं लागतं, तरच सुई सरळ जाते आणि अंगाला टोचत नाही. असं निळं कापड घरात एकच होतं, ट्रंकेतलं आजीचं इरकल लुगडं.

नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. पन्हा चार फुटांचा. मी तीन-तीन फुटांचे दोन तुकडे घेतले, म्हणजे दोन मीटरही गेलं नाही. तेही निऱ्यांकडचे, जिथे कापड आधीच विरलं होतं. कात्री लावताना हात थरथरला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आत तुझ्या आजोबांच्या धोतराचं अस्तर घातलं. जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर पाट-वरवंटा ठेवला आणि कडेने धावदोरा सुरू केला. प्रत्येक फेरीआधी तळहाताने कापड आतल्या बाजूला सारखं करत जायचं, नाहीतर मधोमध फुगा राहतो. दोन ओळींत बोटाचं अंतर. आजी म्हणायची, टाका मोठा पडला तर पायाच्या बोटात अडकतो, म्हणून टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. अशा 25 फेऱ्या झाल्यावर मध्य आला. रोज दुपारी दोन तास बसायचे, 19 दिवस लागले.

एक चूक झाली. कोपऱ्यांना शोभा यावी म्हणून लाल खणाचे त्रिकोण लावले आणि खण आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा राहून गेला. पहिल्या धुण्यात एका कोपऱ्यात लाली उतरली. फार वाईट वाटलं. चारही त्रिकोण उसवले, डाग थंड पाण्यात रात्रभर ठेवला, बराचसा गेला. मग त्या जागी लुगड्याचाच काठ लावला, आणि खरं सांगते, तोच जास्त शोभतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ते लुगडं ट्रंकेत बावीस वर्षं होतं. दर पावसाळ्यानंतर मी ते उन्हात घालायचे, डांबराच्या गोळ्या बदलायचे आणि परत घडी करायचे. गेल्या वर्षी घडीवरच चिरलं. नुसतं ठेवलं म्हणून कापड टिकत नाही, घडीच्या जागी आधी विरतं. आणि आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्याच गोधड्या शिवल्या ना. आळीतल्या बाळंतिणींना दुपटी तीच द्यायची, कुणाची सून आहे हेही विचारायची नाही. त्या वर्ध्याच्या बाईच्या मांडीवर ते लुगडं गेलं, हे मला आजीच्याच हातून झाल्यासारखं वाटतं. तुला आधी विचारायला हवं होतं, तेवढं मात्र चुकलं. ते तुझंही होतं.

पार्सल सोमवारी टपालात टाकलं. सोबत चिठ्ठीत लिहिलंय की गार पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. कापड कुणाचं ते लिहिलं नाही.

टोपपदर कापलेला नाही. उरलेल्या सहा मीटरांत तुझी गोधडी सहज बसते, पदर मध्यावर घेऊ. तिथल्या पलंगाची लांबी-रुंदी मोजून कळव आणि पुढच्या वेळी येताना चार दिवस जास्त काढून ये. कडेच्या पहिल्या फेरीला तू बस.

तुझी,
आई