बंड्यास पत्र: एका मूत्रपिंडापायी

प्रिय बंड्या,

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघे वयाला शोभतील असे. झालं.

१० ऑक्टोबरला कोटणीसांच्या जयंतीला इथल्या मंडळींना माझं भाषण हवंय. सोलापुरात कोटणीसांवर नवीन काय बोलणार? शाळेतलं पोरही मला दुरुस्त करेल. म्हणून याकोब रोझेनफेल्ड घेतलाय, आणि तिथेच अडलोय. मूत्रपिंडं हा तुझा धंदा आणि पक्ष हे तुझं जुनं दुखणं, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारू?

१९०३ साली लेंबर्गला जन्मलेला ज्यू, व्हिएन्नाचा युरॉलॉजिस्ट (म्हणजे मूत्ररोगांचा सर्जन), मूळचा सोशल डेमोक्रॅट. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हा आधी डाखाऊ, मग बुखेनवाल्डच्या छावणीत. देश सोडण्याच्या अटीवर १९३९ मध्ये सुटला. शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून शांघाय. तिथल्या फ्रेंच वस्तीतला दवाखाना सोडून १९४१ मध्ये यानचेंगला 'नवं चौथं सैन्य' या जपान्यांशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या फौजेत दाखल झाला. १९४२ मध्ये त्या सैन्याचे सेनापती चेन यी यांच्या शिफारशीने चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य. कोटणीस पक्षात आले तेही त्याच वर्षी, आणि डिसेंबरात गेलेही.

आता अडलंय ते. १९४३ मध्ये त्याला शानतुंग प्रांतात नेलं, ते मुख्यतः लुओ रोंगहुआनसाठी. तिथल्या फौजेचा प्रमुख, आणि लघवीतून रक्त. अशा जागी डॉक्टरच्या हातात काय असतं, ते तूच आम्हाला घोकून घेतलंस: एकाच वेळची लघवी तीन ग्लासांत धरायची. पहिलाच लाल तर दोष मूत्रमार्गात, शेवटचा लाल तर मूत्राशयाच्या तोंडाशी, तिन्ही लाल तर मूत्राशयात किंवा त्याच्या वर. गांडुळासारख्या लांबट गाठी पडल्या तर रक्त मूत्रपिंडाकडून येणाऱ्या मूत्रवाहिनीतून उतरलेलं. पण डाव्या की उजव्या? त्याला सिस्टोस्कोप (मूत्राशयात घालायची दुर्बीण) हवा, नाहीतर एक्स-रे आणि शिरेतून द्यायचं आयोडीनचं औषध. ते बर्लिनमध्ये १९२९ लाच निघालं होतं, पण शानतुंगच्या खेड्यात त्याचा काय उपयोग! बरं, बाजू कळली तरी दुसरं मूत्रपिंड धड आहे याची खात्री नसताना एक काढणं म्हणजे खूनच. म्हणून कापलं नाही. औषधं, विश्रांती आणि वाट बघणं. त्यातही जपानी मोहीम अंगावर असताना सेनापतीला 'पडून राहा' सांगणं म्हणजे तुझ्या वडिलांना तंबाखू सोडा सांगण्यापैकी. गडी स्ट्रेचरवरून लढाई चालवत राहिला! १९४६ मध्ये मॉस्कोला नेऊन मूत्रपिंड काढलं, आणि पुढे १९६३ पर्यंत जगला.

तेव्हा न कापण्याचा निर्णय निखळ वैद्यकाचा. पण एका माणसासाठी असा सर्जन उचलून नेणं, हे काय? पोटात गोळी लागलेल्या पोरांनी कुणाकडे बघायचं? मेसमध्ये तू 'डॉक्टरला पक्ष नसतो' म्हणत ताट आपटलं होतंस (ताट माझं होतं, हे अजून कबूल करत नाहीस). मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पक्षाचं म्हणणं असणार, सेनापती वाचला तर फौज वाचते. शेवटचा व्हेंटिलेटर कुणाला, हे आपणही ठरवतोच की, फक्त त्याला राजकारण म्हणत नाही. रोझेनफेल्डने ते म्हणवून घेतलं, वर्दी घालून. शिवाय त्याच मुलखात तो गावकऱ्यांना तपासत होता, नवे वैद्यकीय कर्मचारी घडवत होता. मी त्याला कम्युनिस्ट डॉक्टरच म्हणणार. तुझी हरकत लेखी दे.

पुढचं तुला माहीत असेल. १९४९ मध्ये ऑस्ट्रियाला परत, आईला नाझींनी मारलेलं, चीनला पुन्हा जाणं जमलंच नाही, १९५२ मध्ये तेल अवीवला हृदयविकाराने संपला. वय ४९. सभेत हे हमखास रडवेल, म्हणून दोन वाक्यांत उरकणार आहे.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं नाशिकला जमलं असं उडत उडत कळलं, अभिनंदन. भावाशी जागेचं मिटव बाबा आता.

एक सांग, सभेत फळ्यावर तीन ग्लासांचं चित्र काढू का? भाषणानंतर लगेच जेवण आहे, आणि मेनूत सोलकढी.

तुझा,
नाना