राणीछाप रुपया मोडीत घालण्यापूर्वी

महोदय,

चांदीचा भाव वाढला की घरोघरीचे राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेले, रुपये सराफाकडे वजनावर जातात, हे पाहून अतिशय खेद होतो. ‘१८६२’ हे साल असलेला रुपया सर्वत्र सारखाच असतो, असा समज आहे. परंतु हे साल नाण्यांवर १८७४ पर्यंत गोठलेलेच राहिले आणि या काळात मुंबईच्या टांकसाळीने बारीक टिंबांची संख्या व जागा बदलून आपली नाणी वेगळी ओळखता येतील अशी सोय केली. ही टिंबे भिंगाखाली मोजणे हाच आम्हा संग्राहकांचा खरा आनंद आहे, कारण सुमारे ११.६६ ग्रॅमच्या त्या चांदीत मुंबईच्या कामकाजाची एवढी बारीक नोंद क्वचितच अन्यत्र सापडते.

लक्ष्मीपूजनासाठी हे रुपये चिंचेने घासून उजळण्याची प्रथा मात्र कृपया थांबवावी, कारण सर्वांत आधी ही टिंबेच झिजतात. मोडीत देण्यापूर्वी निदान एकदा भिंग लावून पाहावे, ही वाचकांना विनंती.

— एक नाणेसंग्राहक, पुणे