बी विंगच्या डक्टवरचा पत्रा काढण्याबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्यांचे गॅस गीझर मध्येच बंद पडतात त्यांनी ते स्वखर्चाने दुरुस्त करून घ्यावेत, अशी सूचना नोटीस बोर्डावर लागली आहे. आम्ही दुरुस्ती आधीच करून घेतली. सेल बदलले, बर्नर साफ केला, डायफ्रामही नवा टाकला. मेकॅनिक पैसे घेऊन गेला आणि गीझरचं रडगाणं तेच. टिकटिक करून पेटतो, थोडा वेळ निळा जळतो, मग ज्योत पिवळी पडून फडफडते आणि ऐन साबण लावलेल्या अंगावर गार पाणी येतं.

गंमत अशी की बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून नुसता नळ सोडला, तर हाच गीझर बादल्यांमागून बादल्या कढत पाणी देतो. म्हणजे यंत्र ठीक आहे, त्याला हवा मिळत नाही.

खात्रीसाठी एक्झॉस्ट फॅन बंद ठेवून खिडकीच्या काचपट्ट्यांपाशी उदबत्ती धरली. धूर डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात त्या उभ्या पोकळीत जायला हवा होता, तो तोंडावर आला. हे पूर्वी होत नव्हतं. पावसाळ्याआधी कमिटीने गच्चीवर डक्टच्या तोंडावर फायबरचा पत्रा बसवला आणि कडाही सिलिकॉनने बंद केल्या. पाऊस आणि कबुतरं अडवायची होती, हे मान्य. कबुतरांचा जाच आम्हालाही आहे. पण तळमजल्यावर डक्टच्या जाळीच्या दाराला आधीच प्लाय ठोकलेला आहे आणि आत भंगार साठलं आहे. बंबाचं खालचं तोंड राखेने बुजलं आणि वरचं नळकांडंही कोणी झाकलं, तर धूर घरातच कोंडणार! तक्रारी वरच्या मजल्यांवरूनच का येतात, त्याचंही कारण हेच. खालच्या घरांतल्या गीझरचा गरम धूर वर चढतो, पत्र्याला अडतो आणि आमच्या खिडक्यांतून आत शिरतो.

आता हिशेब पाहा. ६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १२ घनमीटर हवा खातो. आमची बाथरूम ५ बाय ७ फूट, उंची ९ फूट, म्हणजे जेमतेम ९ घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांच्या आंघोळीत आतल्या हवेचा पाचवा भाग संपतो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून घरगुती गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या वायूला मात्र ना वास ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग दाराची कडी काढायचंही त्राण राहत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींना आंघोळ करताना चक्कर आली, ती बीपीची म्हणून सगळ्यांनी सोडून दिली. असेलही बीपी. पण त्यांच्याही गीझरवर काजळी धरली आहे, ती मी पाहिली.

ग्रुपवर कोणी सुचवलं की एक्झॉस्ट फॅन जोरात लावा. कृपया तसं करू नये. दाराखाली फट नसेल तर फॅन बाहेरची हवा मिळेल तिथून ओढतो, आणि गीझरच्या धुराड्यातून जळका वायूच परत आत येतो.

सिलिकॉन कापून पत्रा तातडीने काढावा. पुढे तो लोखंडी अँगलवर किमान दीड फूट उचलून बसवावा आणि चारही बाजूंना जाळी लावावी. पाऊस अडेल, कबुतरंही अडतील, वारा खेळेल. खालच्या दाराचा प्लाय आणि भंगार याच आठवड्यात काढता येईल, त्याला सभेची गरज नाही. तोवर नोटीस बोर्डावर नवी सूचना लावावी: बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच दार लावून आंघोळ करा. ज्यांना शक्य आहे त्यांनी गीझर ड्राय बाल्कनीत हलवावा, पाइपाचा खर्च ज्याचा त्याने करावा.

फॅब्रिकेटर रविवारी सकाळी येऊन माप घ्यायला तयार आहे. गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवायला सांगावं. मी वर हजर राहीन, उदबत्तीसकट.

आपली नम्र,
एक सभासद, बी विंग, सातवा मजला