आहेर घ्यायला शिकवणाऱ्या वन्संना

आदरणीय वन्सं,
सा. न. वि. वि.

लग्नाला दीड महिना झाला. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही चहा ठेवायला उठता, म्हणून हे लिहून पाठवते आहे. चारचौघांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण दुसऱ्या लग्नाचे बोलावणे हाती पडल्यावर गोंधळलेली माणसे गेल्या काही महिन्यांत मी इतकी पाहिली, की तुम्ही त्यांना फोनवर जे सांगत होतात ते आपल्या घरापुरते राहू नये असे वाटते. वाचणाऱ्यांसाठी आपले नाते एकदा सांगून टाकते : तुम्ही माझ्या दिवंगत पतीच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या दुसऱ्या लग्नाला पहिला विरोध ज्या घरातून होणार असे सगळ्यांनी धरून चालले होते, त्या घरच्या.

निमंत्रणाचा कच्चा मजकूर मी तुम्हाला दाखवायला आणला होता, तो तुम्हाला आठवत असेल. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ मी सर्वांत आधी लिहिली होती, तारखेच्याही आधी. वयाच्या ४४ व्या वर्षी, १३ वर्षांच्या मुलीला शेजारी उभे करून लोकांकडून पुन्हा काही घ्यायचे, या विचारानेच मला अवघडल्यासारखे होत होते. नौपाड्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात, कणकेचे हात तसेच ठेवून तुम्ही तो कागद लांबूनच वाचलात आणि विचारलेत, “नको म्हणतेस ते घरात जागा नाही म्हणून, की लाज वाटते म्हणून? जागा नसेल तर तसं लिही. लाज वाटत असेल तर ओळ खोड.” मी काहीच बोलले नाही, तेव्हा तुम्हीच कणकेच्या बोटाने ती ओळ पुसलीत. कागदावरचा तो पिठाचा डाग अजून तसाच आहे.

आहेर नको असे छापण्यात एरवी काही वावगे नाही, आणि ठाण्यातल्या फ्लॅटांचे आकार पाहता ते शहाणपणाचेही आहे. पण माझी ओळ शहाणपणातून आलेली नव्हती, हे तुम्ही बरोबर ओळखलेत. आपल्याकडे दुसरेपणाने बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला बिजवर म्हणतात आणि त्याचे लग्न दिवसाउजेडी, वाजतगाजत लागते. ज्या जातींत बाईच्या दुसऱ्या लग्नाला मोकळीक होती तिथे त्याला लग्न न म्हणता पाट किंवा मोहतूर म्हणत, आणि तो बहुधा रात्री, मोजक्या माणसांत, गाजावाजा न करता उरकला जाई. ज्यांच्यात तेवढीही मोकळीक नव्हती त्यांचे तर बोलायलाच नको. आहेर नाकारून मीही माझे लग्न उरकूनच घेत होते.

शेवटी निमंत्रणात जे गेले ते तुमच्याच शब्दांत गेले : ‘दोघांचेही संसार आधीच मांडलेले आहेत, म्हणून भांडी व उपकरणे आणू नयेत, बाकी प्रेमाने जे द्याल ते आनंदाने घेऊ.’ दोन मिक्सर, पाच कुकर आणि दोन पोळपाट एका ओट्यावर आल्यानंतर त्या वाक्याचे मोल मला रोज कळते. (तरीही एका मामांनी डिनर सेट आणलाच. मामा मंडळी निमंत्रण वाचत नाहीत, फक्त तारीख पाहतात.)

त्यानंतरचे तीन आठवडे लोकांचे प्रश्न माझ्याऐवजी तुमच्याकडे जाऊ लागले, आणि त्यांतले निम्मे मला लग्नानंतरच कळले. पहिल्या लग्नात आहेर केला होता, आता पुन्हा करायचा का, असे विचारणाऱ्या काकूंना तुम्ही सांगितलेत की तो त्या लग्नाचा होता. आता द्यायलाच हवा असे नाही आणि द्यावासा वाटला तर हात आखडायचेही कारण नाही. मी आडनाव बदललेले नाही, त्यामुळे पाकिटावर काय लिहायचे असा अनेकांना प्रश्न पडला होता. दोघांची नुसती नावे लिहा, आडनावांचे ती दोघे बघतील, हे उत्तर तुम्ही किती जणांना दिलेत कोण जाणे. एका दूरच्या नातेवाइकांनी ‘हे आपल्यात बसत नाही’ म्हटल्यावर तुम्ही त्यांना ऐकवलेत, की धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले होते. ‘तुम्ही निदान जेवायला तरी या,’ असेही त्यांना म्हणालात. ते आले, आणि दोनदा श्रीखंड मागून घेतले.

बोलण्याच्या बाबतीत तुम्ही एकच गोष्ट सक्तीने सांगितली होती. ‘बरे झाले, मुलीला वडील मिळाले’ हे वाक्य कुणीही, कितीही मायेने, तिच्यासमोर उच्चारायचे नाही; तिला वडील होते. हे मला सुचले नसते, कारण मी स्वतःच ते एक-दोनदा ऐकून मान डोलावली होती. आणि तरीही माझ्या पहिल्या संसाराचा उल्लेखच होऊ नये असा तुमचा हट्ट नव्हता. तुमच्या चुलतभावाने पंगतीत लेकीला तिच्या बाबांचा तलावपाळीवरचा सायकल शिकतानाचा किस्सा सांगितला, तेव्हा मी घाबरून तुमच्याकडे पाहिले. तुम्ही शांतपणे त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढलीत. माझे यजमानही हसत ऐकत होते.

आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने झाले. नोटिशीच्या अर्जात दोघांची वैवाहिक स्थिती लिहावी लागते, ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि ३० दिवसांनंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. त्या रकान्यात ‘विधवा’ लिहिताना माझा हात थांबला होता. साक्षीदारांच्या रकान्यात तुम्ही सही केलीत, तीही माहेरच्या आडनावासकट पूर्ण नावाने.

संध्याकाळचे जेवण ७० माणसांचे होते. त्यातला एक प्रसंग तुम्ही कुणाला कळू दिला नाहीत, पण मी पाहिला. माझ्याकडच्या बायका लेकीला जवळ घेऊन तिच्या हातात पाकिटे, पुस्तके, कुणी कानातले देत होत्या, आणि यजमानांचा १६ वर्षांचा मुलगा दोन पावलांवर, हात खिशात घालून, भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत उभा होता. मनात कुणाच्या काही नव्हते. त्या तिला ओळखत होत्या, त्याला ओळखत नव्हत्या, इतकेच. तुम्ही पर्समधून दोन सारखी पाकिटे काढलीत. दोन्हींवर तुमच्या तिरप्या अक्षरात नावे आधीच लिहिलेली होती. त्याचे पाकीट आधी दिलेत, तिचे नंतर, आणि माझ्या मावशीला हळूच म्हणालात, “दोन मुलांच्या घरी जाताना एक चॉकलेट नेतो का आपण?” नंतर चौघी जणी वाकून आपापल्या पर्स चाचपत होत्या.

आता आईबद्दल. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाला मागच्या खुर्चीवर बसते आणि ओटी भरायच्या वेळी तिला नेमके पाणी प्यायला जायचे असते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची बातमी तिने कापून ठेवली आहे. पण ठराव कपाटात राहतो आणि आई मागच्या खुर्चीवर. जांभळी नाक्यावरून नारळ आणि खण आणताना ओटी कोण भरणार हे तुम्ही मला सांगितलेच नाहीत. त्या संध्याकाळी तुम्ही ताम्हन उचलून थेट मागच्या रांगेत गेलात आणि आईला म्हणालात, “लेक तुमची, तर आधी तुम्ही.” तिने नारळ उचलला तेव्हा तो थरथरत होता, तांदळाचे दाणे पदराबाहेर सांडत होते, आणि तुम्ही खालून तिच्या मनगटाला हात लावून उभ्या होतात.

मग यजमानांना तुम्ही शर्टपीस, उपरणे आणि नारळ दिलात. ते बिचारे सगळ्यांकडून जसे घेतात तसे घेऊन बाजूला ठेवणार होते, तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितले की हा आमच्या घरी जावयाला द्यायचा मान आहे. त्यांनी वाकून नमस्कार केला. ते व्यवसायाने हिशेबनीस. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही आणि कायदा त्यात पहिले-दुसरे करत नाही, असे ते हल्ली सगळ्यांना सांगत असतात. मला वाटते, आभार मानायची ती त्यांची पद्धत असावी.

एक काम राहिले आहे. आहेराची वही तुमच्याकडेच आहे, ती रविवारी येताना आणावी. पुढच्या महिन्यात त्या श्रीखंडवाल्या नातेवाइकांच्या मुलीचे लग्न आहे, आणि त्यांनी आपल्याला काय दिले होते ते मला आठवत नाही.

तुमची,
वहिनी